पट्टा आहे, हुक अडकवायला जागा नाही

महोदय,

मी 26 वर्षं साइट सुपरवायझर होतो. कोलशेतला आमच्या गॅलरीतून समोरच्या टॉवरचं बाहेरचं प्लास्टर दिसतं. परवा परांचीवरच्या पोराने सेफ्टी बेल्ट घातला होता, पण हुक कमरेलाच लोंबत होता. खाली जाऊन मुकादमाला विचारलं. म्हणाला, "काका, अडकवणार कशाला? दोर अजून आलाच नाही."

10 सप्टेंबर 2023 ला बाळकुमच्या 40 मजली इमारतीत लिफ्ट कोसळून 7 कामगार गेले, ते आपल्याच ठाण्यात.

माझ्या साइटवर एकदा डक्टच्या, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीच्या, भोकावर प्लायवुड नुसतंच टाकलेलं होतं, खिळे न मारता. त्यावर पाय पडला आणि एक मिस्त्री दोन मजले खाली गेला. जगला, पण कमरेखाली लुळा झाला. चार खिळ्यांचं काम. स्लॅबची तारीख गाठायची म्हणून मीच ते उद्यावर ढकललं होतं. त्याच्या बायकोचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

धोका दिसताच काम थांबवायचा लेखी अधिकार प्रत्येक साइटवर सुपरवायझरला द्या, आणि थांबवलेल्या दिवसाची मजुरी कामगाराच्या पगारातून कापू नका.

- एक निवृत्त साइट सुपरवायझर, कोलशेत, ठाणे