पेटीतला उर्दू कागद

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

एम.ए.ला ‘महाराष्ट्राचा इतिहास’ हाच विषय घेतलास हे कळलं आणि रात्री कितीतरी वेळ आनंदानं झोप लागली नाही. ‘इतिहास शिकून पुढं काय?’ असं विचारणारे इथं भेटतात. त्यांचं मी बघतो, तू अभ्यास कर.

काल माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तळाशी तुझ्या पणजोबांच्या शेताचा कागद निघाला. घडीवर फाटलाय, कडा वाळवीनं खाल्ल्यात. सगळा मजकूर उर्दूत. वर सन १३४२ फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९३२-३३. खाली पणजोबांचा अंगठा. शाई अजून इतकी दाट आहे की बोटाच्या रेषा दिसतात. शेत त्यांचं, घाम त्यांचा, पण कागदात काय लिहिलंय हे पटवारी सांगेल ते खरं.

म्हणून तुला एक सांगावंसं वाटतं. दप्तरात कुठलाही कागद हाती आला की आधी विचार : हा कोणी लिहिला? आणि ज्याच्याबद्दल लिहिला, त्याला तो वाचता येत होता का?

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांनी मुख्यतः कर्जखतं ओढून काढून जाळली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव पडले होते, शेतसाऱ्याचा बोजा वाढला होता, ही कारणं तू वाचशीलच. पण त्यांनी जाळायला कागदच का निवडला, हे मला पणजोबांचा अंगठा पाहून कळलं.

आणखी एक. महाराष्ट्राचा इतिहास म्हणजे फक्त रायगड आणि शनिवारवाडा नव्हे. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे होता. तुझ्या आजोबांनी घर न बदलता निजामाचं संस्थान, भारतातलं हैदराबाद राज्य, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र, एवढं सगळं पाहिलं. विदर्भाची वाट आणखी निराळी. हे अभ्यासक्रमात चार ओळींत उरकलं असेल तर तू चार ओळींवर थांबू नकोस.

मोडी लिपी मात्र याच वर्षी शीक. लेखणी न उचलता लिहिलेल्या त्या ओळींत शब्द सुटे करणं पहिल्यांदा जड जाईल, पण रोज एक पान वाच. जमलं तर उर्दूही शीक. मराठवाड्यावर काम करायचं तर तिच्यावाचून चालायचं नाही.

कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता सुती कापडात गुंडाळून ठेवलाय. दिवाळीला येशील तेव्हा मला वाचून दाखव. पहिली ओळ लागली तरी चालेल.

तुझे,
बाबा