पाटी पुसली, ते चुकलं

संपादक महोदय,

तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं बाबांना तोंडाचा कॅन्सर झाला. नागपूरहून परत पाठवलं तेव्हा घरात ठरलं, त्यांना काही सांगायचं नाही. येणारा जो तो म्हणे, ‘पोळ्याले बैल तुम्हीच सजवा, भाऊ.’ बोलणं बंद झालेलं, म्हणून बाबा पाटीवर लिहीत. एका रात्री लिहिलं, ‘सोसायटीचं कर्ज किती राह्यलं? ढवळ्याले विकू नको.’ मी घाईनं पाटी पुसली!

अखेरच्या उपचारांबाबतची इच्छा आधीच लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिली. आमच्याकडे माणसाला विचारतंच कोण? शेवटच्या दिवशी, डोळे मिटलेले असताना, मी कानाशी कर्जाचा आकडा सांगितला. बोटं हलली. आई अजून माझ्यावर नाराज आहे.

– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ