माझ्या कार्डावर कौतिक नव्हती

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

मी मुंबईत सव्वीस वर्षं कुष्ठरोगाचं काम केलं. धारावी, वडाळा, अँटॉप हिल, शीव कोळीवाडा या भागांत घरोघरी जाऊन चट्टे तपासले, गोळ्या पोचवल्या, कार्डं भरली. आता निवृत्त आहे. नोकरीच्या सुरुवातीला मिळालेलं प्रशिक्षण चांगलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तरीही पहिली तीन वर्षं मी एक मोठी चूक करत राहिले. ती चूक मला कुणा वरिष्ठांनी दाखवली नाही. उद्धव शेळके यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘धग’ या कादंबरीनं दाखवली. गेल्या महिन्यात नव्या आरोग्यसेविकांपुढे बोलण्याचा योग आला, तेव्हा जे तिथे वेळेअभावी राहिलं ते आपल्या वाचकांपुढे मांडते आहे.

‘धग’ माझ्या हाती आली १९९३ मध्ये, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात. देवघेवीच्या खिडकीवरच्या बाईंना माझं काम ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, “तुम्ही महारोग्यांत जाता ना, मग हे न्या.” मी नेलं आणि दोनदा बाजूला ठेवलं. परळच्या चाळीत मालवणी ऐकत वाढलेली मी, त्यातले वऱ्हाडी संवाद माझ्या कानाला अडत होते. तिसऱ्या वेळी गॅलरीत बसून मोठ्यानं वाचायला लागले आणि अर्थ आपोआप उलगडत गेला. पुढे धारावीत तमिळ बायकांशी बोलताना हीच सवय उपयोगी पडली. भाषा येत नसेल तर मी आधी गप्प बसून सूर ऐकायला शिकले. दुभाषा म्हणून शेजारच्या मुलाला हाक मारायची घाई सोडली. आजार लपवणाऱ्या घरात शेजारचा मुलगा बोलावणं ही केवढी मोठी चूक, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

कथेत शिंपीकाम करणारा महादेव आहे आणि त्याला महारोग होतो. कुष्ठरोगाचं काम करणारी मी, साहजिकच त्याच्याकडे बघत पानं उलटत होते. चट्टा कुठे आला, बोटं कधी बधिर झाली. पण कादंबरीचा सगळा भार आहे तो त्याच्या बायकोवर, कौतिकवर. घर चालवायचं तिनं, मुलं वाढवायची तिनं, गावाच्या नजरा झेलायच्या तिनं. वाचता वाचता मला आमचं कार्ड आठवलं. त्यात रुग्णाचं नाव, वय, चट्ट्यांची संख्या, जाड झालेल्या नसा यांना जागा होती. बायकोला जागा होती ती ‘संपर्क’ या एका ओळीत, आणि तिथे आम्ही लिहायचो ‘तपासली, लक्षण नाही’. अशा कितीतरी कौतिका मी एका ओळीत आटोपल्या होत्या.

त्यांपैकी एक धारावीतली. तिचा नवरा चामड्याच्या कारखान्यात होता. अंगावर बरेच चट्टे असल्यामुळे त्याला त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे दोन वर्षांचे उपचार होते. महिन्यातून एक डोस आमच्यासमोर, बाकीच्या गोळ्या रोज घरी. चार महिने घेतल्या आणि थांबला. नोंदवहीत मी ‘अनियमित’ असा शेरा मारला. तीनदा घरी गेले. गल्लीत उभी राहून नावानं हाक मारली, संस्थेचं नाव छापलेली पिशवी खांद्याला. तिन्ही वेळा बायको दारात येऊन म्हणाली, “घरी नाहीत.” तिसऱ्या वेळी मी तिला दोन शब्द सुनावलेसुद्धा. ते शब्द आजही आठवतात आणि जीव कानकोंडा होतो.

‘धग’ वाचून संपली त्यानंतरच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. या वेळी पिशवी नव्हती, भर दुपारची वेळ होती आणि नवरा कामावर होता. ती तयार कपड्यांचे धागे कापत बसली होती, नगावर पैसे. मी कात्री मागितली आणि शेजारी बसले. पहिल्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मुलीच्या शाळेचं बोलली. तिसऱ्या दिवशी तिनं तांदळाचा डबा उघडला. आत गोळ्यांची सगळी पाकिटं होती.

आमच्या औषधांतली क्लोफॅझिमिन ही गोळी त्वचा काळवंडवते. त्याचा चेहरा काळा पडत चालला तसं कारखान्यात विचारणं सुरू झालं. त्यातच मी गल्लीत हाका मारत फिरले. घरमालक खोली खाली करायला सांगेल, शेठ कामावरून काढील, मुलगी शाळेत एकटी पडेल, या सगळ्याचा हिशेब तिनं मांडला आणि नवऱ्याला गोळ्या बंद करायला लावल्या. मी ज्याला निष्काळजीपणा म्हणत होते तो एका बाईनं घर वाचवण्यासाठी घेतलेला निर्णय होता, आणि त्या निर्णयाला माझी वागणूक कारण होती. काळेपणा कायमचा नसतो, औषध संपल्यावर काही महिन्यांत उतरत जातो, हे मी नवऱ्याला सांगितलं होतं. तिला कुणीच सांगितलं नव्हतं. पुढे गोळ्या तिनंच ठेवल्या, तिनंच दिल्या आणि उपचार पूर्ण करवून घेतले. पण मधल्या सात महिन्यांत त्याच्या डाव्या हाताची करंगळी वाकली, ती वाकलीच.

त्यानंतर मी कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहू लागले. घरात कमावतं कोण, गोळ्या कुठे ठेवतात, कुणापासून लपवायचं आहे, कुठल्या वेळी जायचं. संस्थेत कुणी ते मागितलं नाही, कुणी अडवलंही नाही. माझ्याकडचे रुग्ण गोळ्या सोडेनासे झाले असा दावा मी करणार नाही, कारण तसा हिशेब मी ठेवला नाही. एवढं खरं की कुणी सोडल्या तर का सोडल्या हे मला कळायला लागलं.

घरातलंही एक सांगते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा माझे वडील कामावर होते ते नंतर कधी गेलेच नाहीत. आमच्या घरी ही गोष्ट नेहमी वडिलांची म्हणून सांगितली जाई. ‘धग’ वाचली आणि त्या रात्री पहिल्यांदा आईला विचारलं, “तेव्हा तू काय केलंस?” आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, पाच जणांचे डबे केले आणि गळ्यातल्या वाट्या मोडल्या. पुढची काही वर्षं ती पितळेच्या वाट्या घालत होती, आणि आम्हा भावंडांतल्या एकालाही ते दिसलं नव्हतं. रोज दुसऱ्यांच्या हातावरचे फिकट चट्टे ओळखणाऱ्या मला हे दिसलं नाही, ही खंत अजून जात नाही.

नव्या मुलींना ही कादंबरी वाचायला सांगताना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी लागते. महादेवचा काळ आजचा नाही. बहुविध औषधोपचाराची, म्हणजे एमडीटीची, शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ मध्ये केली. चट्टे कमी असतील तर सहा महिने आणि जास्त असतील तर बारा महिने गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो. सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत त्या फुकट मिळतात, आणि औषध सुरू झालं की रुग्णापासून लागण होण्याचा धोका झपाट्यानं संपतो. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श न कळणं, एवढं दिसलं तरी दाखवून घ्यावं. कादंबरी वाचून कुणी घाबरून बसलं तर तो शेळक्यांच्या लेखणीवर अन्याय होईल.

आणि तरीही काळ पुरता बदललेला नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होतं. १८९८ चा लेपर्स ॲक्ट २०१६ मध्ये रद्द झाला. वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय १८९० पासून उभं आहे, पण मुंबईत आजही टॅक्सीवाल्याला ‘कुष्ठरोग रुग्णालय’ म्हणायला संकोचणारे लोक मी पाहते. गोळ्यांनी जंतू मरतात. हा संकोच घालवायला गोळी नाही, म्हणून मी कादंबरीकडे वळते.

माझी मागणी साधी आहे. परिचारिका, आरोग्यसेविका आणि आशाताई यांच्या प्रशिक्षणात एका तरी कादंबरीचं वाचन असावं. कुष्ठरोगाला ‘धग’, दुसऱ्या विषयाला दुसरी. त्यावर परीक्षा नको, टिपणं नकोत आणि कृपा करून पडद्यावर मुद्देही नकोत. पडद्यावर मुद्दे आले की मुली वहीत उतरवून घेतात आणि कौतिक पुन्हा एका ओळीत जाते. आठवड्यातून एक तास, एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. खर्च म्हणाल तर दहा-बारा प्रतींचा.

नव्या आरोग्यसेविकांपुढे बोलले त्या दिवशी माझी प्रत मी तिथेच ठेवून आले. परवा तिथल्या एका मुलीचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीत वाचन सुरू झालं आहे. मुंबईच्या मुलींना संवाद जमेनात, म्हणून वाशीमहून आलेली एक अबोल मुलगी वाचते आहे. तिच्या घरची बोली तीच.

आपली नम्र,
एक निवृत्त कुष्ठरोग कर्मचारी
परळ, मुंबई