सही करण्याआधी

नाशिक, रविवार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल तू चिडून फोन ठेवलास, म्हणून लिहायला बसले. नोकरी सोडू नकोस असं मी म्हणणार नाही, ते काम आत्याने केलंच आहे. मला खुपतोय तो तुझ्या वेबवरच्या चित्रकथेसाठी प्रकाशकांनी पाठवलेला करारनामा. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभरात, कायमस्वरूपी’, आणि बदल्यात भागामागे ठरलेली रक्कम. म्हणजे तुझी नायिका ठकू त्यांची झाली. उद्या तिचे टी-शर्ट निघाले, कार्टून निघालं, तरी तुला कुणी विचारायला येणार नाही. सुपरमॅन रचणाऱ्या सीगल आणि शुस्टर यांनी १९३८ मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरला दिले आणि पुढे आयुष्यभर भांडत राहिले.

कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाच. हक्क द्यायचे ते लेखी. कोणते, किती काळ आणि कुठे, हे त्यात हवं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर ते ‘कायमस्वरूपी’ आवर्जून घालतात. तू ते खोड. फक्त वेबवर प्रसिद्ध करायचा परवाना, ३ वर्षं, एवढंच दे. पुस्तक, अनुवाद, चित्रपट हे सगळं वेगळं बोलायचं.

बरं, कराराचं पुरे.

दर आठवड्याला भाग कबूल करण्याआधी निदान आठ भाग तयार ठेव. ताप येतो, लॅपटॉप बसतो, मनगट धरतं. संवादांचे फुगे आधी आख, चित्र नंतर. तू उलटं करतेस आणि शेवटी अक्षरं कोंबतेस. इंग्रजीपेक्षा आपल्याला दोन ओळींच्या मध्ये जास्त जागा लागते, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडतो. सातव्या भागात ‘क्ष’ फुटून ‘क्‌ष’ झालाय. फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू कर. ‘ल’ आणि ‘श’ही हिंदी वळणाचे आलेत. कुणाच्या लक्षात येणार नाही म्हणशील. माझ्या आलं.

आणि मूळ फाइल मोठी ठेव गं. ८०० पिक्सेल रुंदीचं चित्र छापताना ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, पावणेसात सेंटिमीटर भरतं, त्याचं पुस्तक कसं व्हायचं? २४०० वर काढ, वेबसाठी लहान कर. छपाईत काळी अक्षरं फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर. चार रंगांत फोडलीस आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकावर एक जुळणी, केसभर हललं की कडा भुरकट. तुझा तो झगझगीत निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मरणार, हे आत्ताच धरून चाल. सेंटर पिनला, म्हणजे मध्ये पिना मारलेल्या पुस्तकाला, पानं चारच्या पटीत, चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यापुरतं जास्तीचं चित्र.

हे बघ, पुन्हा शिकवायला लागले. राग मानू नकोस. प्रेसमधले वाया गेलेले ताव तू मागच्या कोऱ्या बाजूसाठी मागून आणायचीस, प्रत्येकावर एक शेपटीवाली बाई. तीच ठकू ना? बाबांनी नववा भाग अप्पाला दोनदा वाचून दाखवला, दोन्ही वेळा हसले एकाच जागी.

नोकरीत असताना कंपनीच्या कामासाठी काढलेलं कंपनीचंच असतं. ठकूचं एकही चित्र त्यांच्या कामात वापरलेलं नाही ना, ते आधी बघ. करारातलं हक्कांचं पान मोबाइलवर फोटो काढून पाठव, अक्षर वाचता येईल असा. सही त्यानंतर.

आई