पोल्का म्हणजे नुसता वेग नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत पोल्का या दोन मात्रांच्या युरोपीय नाचाच्या संगीतावर लेख आला, याचे कौतुक आहे. मात्र त्यात अमेरिकन पोल्कावादक फ्रँकी यँकोविक याचे वर्णन ‘गळ्यात पेटी अडकवून भराभर वाजवणारा’ असे केले आहे. त्यातले ‘पेटी’ही चूक आणि ‘भराभर’ही.

आधी पेटीचे. यँकोविकचे वाद्य पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे, अ‍ॅकॉर्डियन. हार्मोनियममध्ये बाहेरचा भाता हवा भरतो आणि आतला भाता ती साठवून सारख्या दाबाने रीडपर्यंत, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पातळ जिभेपर्यंत, पोचवतो. अ‍ॅकॉर्डियनला असा साठा नाही. डावा हात जितका जोर लावील तितका आवाज, आणि हात थबकला की सूरही थबकला. भाता उघडताना आणि मिटताना दोन्ही वेळा स्वर यायला हवा, म्हणून प्रत्येक स्वराला एका पट्टीवर पाठीला पाठ लावून दोन पोलादी रीड असतात. उजव्या बाजूला बोटांनी दाबायच्या 41 पट्ट्या आणि प्रत्येकीला अशा जोड्यांचे चार संच म्हणजे 328 रीड. डाव्या बाजूला बारा स्वरांचे पाच संच म्हणजे आणखी 120. पूर्ण आकाराचे हे वाद्य दहा-अकरा किलोचे भरते. ते उभ्याने तासन् तास वाजवायचे तर बोटांआधी डावा दंड आणि पाठ थकते.

यँकोविकचा जन्म 28 जुलै 1915चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या डेव्हिस गावचा. आईवडील स्लोव्हेनियातून आलेले. कुटुंब लवकरच ओहायोतल्या क्लीव्हलँडला गेले. घरी भाडेकरू ठेवत. त्यांच्यापैकीच एकाकडून तो बटणांचे अ‍ॅकॉर्डियन शिकला. या वाद्यात एकच बटण भाता ओढताना एक स्वर देते आणि मिटताना दुसरा. त्यामुळे चालीत आपोआप एक झटका येतो, पण भात्याची दिशा वादकाच्या मर्जीवर राहत नाही. सोळाव्या वर्षी आईने त्याला पियानो-अ‍ॅकॉर्डियन घेऊन दिले. त्यात दोन्ही दिशांना तोच स्वर येतो, म्हणून भाता कुठे पालटायचा ते वादक ठरवू शकतो. गाणाऱ्याच्या ओळीबरोबर श्वास घेणारी साथ त्यामुळेच जमते. यँकोविक गायचा, आणि तेही इंग्रजीत, हे विसरू नये. स्लोव्हेनियन चाली त्याने इंग्रजी शब्दांत बांधल्या, म्हणूनच त्या स्लोव्हेनियन वस्तीच्या सभागृहांबाहेर पोचल्या.

आता ‘भराभर’बद्दल. बोटांची तयारी पाहिली तर त्याच्याहून सरस वादक त्याच्याच वाद्यवृंदात होता: जॉनी पेकॉन. यँकोविकचे कसब वाद्यांमध्ये काम वाटून देण्यात होते. दोन अ‍ॅकॉर्डियन, बँजो, पियानो, बास आणि ड्रम. पोल्काच्या दोन मात्रांत ‘धुम्’ बासकडे आणि ‘चक्’ बँजोकडे, त्यामुळे अ‍ॅकॉर्डियनचा डावा हात बराच मोकळा राही. एक वादक चाल वाजवी. दुसरा जोडसूर देई आणि ओळींमधल्या रिकाम्या जागा भरी. अमेरिकेतल्या पोलिश ढंगाच्या पोल्कात ट्रम्पेट-क्लॅरिनेट पुढे असतात, जर्मन ढंगात ट्यूबा. यँकोविकचा, म्हणजे क्लीव्हलँडचा, ढंग त्यांच्या मानाने गुळगुळीत. त्यात वेग दाखवायला गेले की बँजोचा ‘चक्’ चिरडतो आणि नाचणाऱ्यांची पावले अडखळतात.

एकट्याने वाजवताना मात्र सगळा भार डाव्या हातावर येतो. डाव्या बाजूला बटणे असतात. त्यांत अनामिका षड्जाच्या बटणावर, मधले बोट शेजारच्या कॉर्डवर (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या बटणावर), तर्जनी पंचमावर. हा पंचम त्याच रांगेत लगेच वरचा असतो, कारण बटणे पंचमाच्या अंतराने लावलेली असतात. कॉर्डचे बटण टिचकीसारखे दाबून लगेच सोडायचे. नवशिके ते दाबून धरतात आणि मग पोल्का चिखलात चालल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात यँकोविक सैन्यात होता. बेल्जियमच्या सीमेवरच्या कडाक्याच्या थंडीत त्याचे हातपाय गोठले आणि डॉक्टरांनी ते कापण्याचा सल्ला दिला. त्याने नकार दिला. पुढे बोटांत हालचाल परत आणण्यासाठी अ‍ॅकॉर्डियनच कामी आले. ‘जस्ट बिकॉज’ हे गाणे काढायला कोलंबिया ही तबकड्यांची कंपनी नाखूश होती, तेव्हा पहिल्या 10,000 तबकड्या स्वतः विकत घेण्याची तयारी त्याने दाखवली, असे सांगतात. 1948मध्ये त्या तबकडीने दहा लाखांचा पल्ला गाठला. त्याच वर्षी मिलवॉकीत त्याला ‘पोल्काचा राजा’ ठरवण्यात आले. पाठोपाठ 1949मध्ये ‘ब्लू स्कर्ट वॉल्ट्झ’ हे गाणे आले. उरलेली कारकीर्द मुख्यतः प्रवासात गेली. 1986मध्ये ग्रॅमी या अमेरिकन संगीत-पुरस्कारांनी पोल्कासाठी वेगळा विभाग सुरू केला आणि पहिला पुरस्कार यँकोविकला दिला. पुढे त्या विभागातले तब्बल 18 पुरस्कार जिमी स्टर या क्लॅरिनेट-सॅक्सोफोनवाल्याने नेले आणि 2009नंतर विभागच बंद झाला. 14 ऑक्टोबर 1998 रोजी यँकोविक वारला. विडंबनगीते गाणारा अल यँकोविक त्याचा नातेवाईक नाही. आडनाव आणि वाद्य तेवढे सारखे.

आपल्याकडे गुडी सीरवाई, केर्सी लॉर्ड आणि पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांच्यामुळे हे वाद्य कानाला ओळखीचे झाले, पण चित्रपटगीतांत आपण ऐकतो तो बहुतेक उजवा हात. घराघरांत जुनी अ‍ॅकॉर्डियन पडून आहेत, म्हणून वाचकांसाठी थोडे. मधमाश्यांचे मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने रीडच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत ते मऊ पडते, पट्ट्या सरकतात आणि दोन स्वर एकदम वाजू लागतात. पावसाळ्यात पोलादी रीडला गंज चढतो. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या ओलावल्या की बदलाव्यात. वाद्य वाजवताना असते तसे पायांवर उभे ठेवावे. आडवे ठेवले की रीडमागच्या चामड्याच्या पाकळ्या लोंबतात, मग स्वर उशिरा बोलतो आणि हवा वाया जाते. वाजवत नसताना हवेचे बटण (सूर न काढता हवा आत-बाहेर सोडणारे) दाबल्याशिवाय भाता ओढू नये. जुने वाद्य विकत घेताना भात्याचे पट्टे सोडून उजवी बाजू वर धरावी आणि डावी बाजू आपल्याच वजनाने खाली येऊ द्यावी. ती सावकाश उतरली तर भाता शाबूत आहे. धाडकन आली तर आधी कोपऱ्यांचे चामडे तपासावे. आणि बेसूर झाले म्हणून स्वतः कानस घेऊन बसू नये. रीड टोकाशी घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो, आणि घासून गेलेले पोलाद परत लावता येत नाही.

अ‍ॅकॉर्डियन दुरुस्त करणारा एक वाचक, पुणे