हुगळीवरच्या आगबोटीचं हॉटेल : मित्रास पत्र

बडोदे,
९ जानेवारी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र आणि आगबोटीचे फोटो मिळाले. सागवानी जिने, पितळी कठडे, चाकांवरच्या गोल पेट्या, सगळं देखणं आहे. पण खोल्या किती बसतील हे विचारताना पाण्याखालचा एकही फोटो तू पाठवला नाहीस. तरंगत्या हॉटेलाचा पैसा बुडतो तो तिथेच.

बोट आधी ड्राय डॉकमध्ये घे. बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या आतल्या खोलगट भागात, सिमेंट ओतलेलं असेल तर फोड. त्याखालची प्लेट बहुतेक वेळा पापड झालेली असते. मग अल्ट्रासॉनिक गेजने जाडी मोजायची. पाण्याच्या रेषेचा पट्टा, तळ जिथे बाजूला वळतो तो भाग, आणि संडास व बॉयलर यांच्या खालचा तळ, इथे मापं दाट घ्यायची. मूळ १० मिलिमीटरची प्लेट साडेसातच्या खाली गेली की कापून बदलायची, हा ढोबळ हिशेब. ठेकेदार म्हणेल, वरून दुसरी प्लेट ठेवून वेल्ड मारतो. ऐकू नकोस. दोन प्लेटांमध्ये ओल राहते आणि गंज आतल्या आत चालू राहतो. शिवाय बोट रिवेटची. वेल्डिंगची उष्णता लागली की शेजारचे रिवेट सैल होतात. एक गळती बंद करायला जावं तर चार नव्या. जुन्या पोलादात गंधक आणि फॉस्फरस जास्त निघू शकतं, मग वेल्डच्या कडेला तडे जातात. म्हणून आधी तुकडा कापून रासायनिक तपासणी, नंतर लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड (वेल्डिंगच्या कांड्या), तेही ओव्हनमध्ये सुकवलेले.

वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला नदीचं पाणी घेणारे जुने वॉल्व्ह काढून ती भोकं प्लेटने कायमची बंद कर. उभी बोट बुडते ती बहुधा रात्री, पंप बंद असताना, अशाच एखाद्या सडक्या वॉल्व्हमुळे. बिल्ज पंप दोन हवेत, दोन वेगळ्या सर्किटवर, आणि अलार्म रखवालदाराच्या उशाशी. कॅलिफोर्नियातली ‘डेल्टा किंग’ ही आगबोट १९२७ ची. बेकार उभी असताना ती रिचमंडला तळाशी बसली आणि वर्षभराहून जास्त तशीच राहिली. उपसून, सॅक्रामेंटोला नेऊन, १९८९ मध्ये तिचं हॉटेल झालं. खोल्या ४४. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हवंच असेल तर हा आकडा घे, पण ती बोट २८५ फुटी आहे.

किनाऱ्यावरून वीज घेताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावच. नाहीतर अर्थिंगच्या तारेतून बोटीचा तळ आणि घाटावरचं तांबं-लोखंड एका सर्किटमध्ये येतं, पाणी बॅटरीचं काम करतं आणि झिजतो तुझा तळ. तळाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे, म्हणजे ॲनोड, जस्ताचे नकोत. गोड्या पाण्यात जस्तावर थर धरतो आणि ते काम थांबवतं. तिथे मॅग्नेशियम लागतं.

आता वजन. बॉयलर काढून तिथे बार करायचा तुझा विचार मला अजिबात पसंत नाही. बॉयलर गेला की तळातलं वजन जातं, आणि तू छपरावर एसी, टाक्या, बाथरूमला टाइल्स चढवणार. बोट डोक्याने जड होते. इन्क्लाइनिंग टेस्ट करून घे, तिच्यातून जीएम कळतो, म्हणजे कललेली बोट परत सरळ होण्याच्या ताकदीचं माप; जितका जास्त तितकी बोट स्थिर: २ टन वजन डेकवर ६ मीटर सरकवायचं आणि ३ मीटरच्या लंबकाचं टोक किती हललं ते बघायचं. बोटीचं वजन ८०० टन धरलं आणि टोक ३ सेंटिमीटर हललं तर जीएम दीड मीटर. चांगला. आता दुर्गा विसर्जन बघायला १२० पाहुणे एका कठड्याशी आले, म्हणजे ९ टन, साधारण ५ मीटर बाजूला. दीड मीटर जीएमला बोट दोन अंश कलेल, कोणाला कळणारही नाही. जीएम ०.४ वर आला असेल तर आठ अंश: टेबलावरची ताटं घसरतील आणि लोक घाबरून धावतील. अर्ध्या भरलेल्या टाक्या हे आणखी बिघडवतात. हरणी तलावात जानेवारी २०२४ मध्ये बोट उलटून शाळकरी मुलं बुडाली, ते बडोद्यात कोणी विसरलेलं नाही. किती माणसं चढवायची हा आकडा या टेस्टवरून ठरव, तिकिटांवरून नव्हे. बॅलास्ट, म्हणजे तळाशी ठेवायचं जादा वजन, लागलाच तर उचलता येणारे ठोकळे ठेव, काँक्रीट ओतू नकोस. खालची प्लेट पुन्हा तपासायची आहे.

हुगळीला भरती-ओहोटी मोठी, त्यात बान येतो, म्हणजे भरतीची उभी लाट नदीत उलटी चढते. दोर बांधून भागणार नाही. नदीत पाइल (खांब) ठोकून त्यावर सरकणाऱ्या कड्या, बिजागरीचा गँगवे, आणि पाणी-विजेच्या लाइनला भरपूर ढील. ओहोटीला बोट उंचसखल गाळावर टेकली तर कणाच वाकेल, म्हणून आधी गाळ मोजून घे. चाकं साखळदंडाने बांध, जलपर्णी अडकत राहते.

आगीचं मात्र जपून. ‘यार्माउथ कॅसल’ हे प्रवासी जहाज १९६५ मध्ये जळून ९० माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने लाकडी बांधणीच्या मोठ्या बोटींवर रात्रीचे प्रवासी नेण्यावर बंदी घातली. ‘डेल्टा क्वीन’ ही तशीच लाकडी बांधणीची आगबोट सवलतीवर चालत राहिली, २००८ मध्ये सवलत संपली, मग ती चॅटनूगाला हॉटेल म्हणून उभी राहिली. स्प्रिंकलर आणि प्रत्येक डेकवरून दोन वाटा हव्यातच. स्वयंपाकघरात गॅस नको. एलपीजी हवेहून जड, गळला तर थेट बिल्जमध्ये जाऊन बसतो. इंडक्शन घे.

इंजिन जागेवरच ठेव. ग्लँडचं, म्हणजे पिस्टनरॉड सिलिंडरबाहेर येतो तिथल्या वाफ अडवणाऱ्या बुचाचं, जुनं पॅकिंग काढ, ते ओल धरतं आणि पिस्टनरॉडवर खड्डे पडतात. सिलिंडरमध्ये तेल सोडून महिन्याला सव्वा फेरा फिरव, म्हणजे दरवेळी नव्या जागी थांबेल. बॉयलर कोरडा करून आत कळीच्या चुन्याचे ट्रे ठेव आणि झाकण घट्ट लाव. त्याच्या पांढऱ्या लेपाला मात्र ॲसबेस्टॉसची तपासणी होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

व्हॅक्यूम संडासाच्या स्टेनलेस टाक्या मकरपुऱ्यात बनवून घेऊ, पण आधी हॅचचं आणि जिन्याच्या वळणाचं माप पाठव. टाकी आत शिरली नाही तर डेक कापावा लागेल. जाडीची मापं आली की तीही पाठव, पुऱ्या तक्त्यासकट.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मोरेश्वर