गंधक कोणत्या टप्प्यावर काढायचे?

संपादक महोदय,

स्वच्छ इंधनाविषयी आपल्या दैनिकात नुकत्याच आलेल्या लेखात ‘तयार पेट्रोलमधील गंधक हायड्रोजनच्या साहाय्याने काढले जाते’ एवढ्या एका वाक्यात हा विषय आटोपला आहे. विधान चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कारण गंधक कोणत्या टप्प्यावर काढले, यावर पेट्रोलची प्रत आणि खर्च दोन्ही अवलंबून असतात.

पेट्रोलमधील गंधकाचा बहुतांश भाग तेलशुद्धीकरण कारखान्याच्या उत्प्रेरकी भंजन विभागातून, म्हणजे जड तेलाचे मोठे रेणू उत्प्रेरकाच्या मदतीने तोडणाऱ्या विभागातून येतो. तेथे जड तेल सुमारे ५०० ते ५५० अंश सेल्सिअस तापमानाला झिओलाइट नावाचे सच्छिद्र स्फटिक असलेल्या उत्प्रेरकाच्या संपर्कात जेमतेम काही सेकंद असते. तेलातील बरेचसे गंधक हायड्रोजन सल्फाइड वायू होऊन वेगळे होते आणि पेट्रोलमध्ये त्याचा लहानसाच अंश उतरतो, पण तो मोठा चिवट असतो. थायोफीन या गंधकयुक्त संयुगातील अणूंचे वलय स्थिर असल्याने ते सहजी फुटत नाही. मात्र त्याला हायड्रोजन मिळून टेट्राहायड्रोथायोफीन तयार झाले, तर भंजनातच ते तुटून गंधक वायुरूपाने निघून जाते. ॲल्युमिनावर बसवलेल्या जस्ताच्या संयुगांसारखी पूरके उत्प्रेरकात मिसळतात, ती अशा संयुगांचे विघटन वाढवण्यासाठीच. पेट्रोलची उकळण्याची वरची मर्यादा थोडी खाली आणली, तर सुमारे २२१ अंशांना उकळणारे बेंझोथायोफीन हे गंधकयुक्त संयुग डिझेलकडे वळते. अर्थात त्यामुळे पेट्रोल कमी मिळते आणि ते गंधक पुढे डिझेलमधून काढावे लागतेच.

तयार पेट्रोलवर हायड्रोजनची कडक प्रक्रिया केली, तर गंधक निघण्याबरोबरच ओलेफिन, म्हणजे दुहेरी बंध असलेली हायड्रोकार्बने, हीही हायड्रोजनने संपृक्त होतात आणि ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलच्या प्रतीचे माप, घसरतो. म्हणून भंजनातच जेवढे गंधक कमी होईल, तेवढी नंतरची प्रक्रिया सौम्य ठेवता येते. तरीही केवळ पूरकांच्या बळावर दशलक्ष भागांत गंधकाचे १० भाग ही आजची कडक मर्यादा गाठता येईल, असे मला वाटत नाही. कच्च्या मालावरच आधी हायड्रोजन प्रक्रिया करणे महाग असले, तरी त्याने भंजनातून मिळणाऱ्या उत्पादनाचे प्रमाण सुधारते, शिवाय उत्प्रेरकावर साचलेला कोक (कार्बनचा थर) जाळताना निघणारा सल्फर डायऑक्साइडही घटतो.

यांपैकी कोणत्याही मार्गाने गंधक नाहीसे होत नाही. हायड्रोजन सल्फाइड अमाइन या अल्कधर्मी संयुगांच्या द्रावणात शोषून क्लॉस प्रक्रियेने त्याचे घन गंधक करावे लागते. या प्रक्रियांच्या संयंत्रांत पुरेशी क्षमता शिल्लक आहे का, हा प्रश्न पूरकांच्या किमतीआधी विचारायला हवा. आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही.

आपला,
एक नियमित वाचक